कुठली कोळंबी?

आंब्याच्या बाबतीत मराठी माणूस फार काटेकोर. "आंबे आणलेत" एवढ्यावर त्याचं समाधान होत नाही. हापूस की पायरी, रायवळ की केशर, हापूस असेल तर देवगडचा की रत्नागिरीचा, हे सगळं विचारून झाल्याशिवाय तो पेटीला हात लावत नाही. तांदळाचंही तसंच. पण हाच माणूस मासळी घ्यायला गेला की म्हणतो, "अर्धा किलो प्रॉन्स द्या." कुठली, कसली, समुद्रातली की तळ्यातली, काही नाही. प्रॉन्स म्हणजे प्रॉन्स!

मला हे पटत नाही. इंग्रजी शब्दांशी माझं वैर नाही. टेबल, बटाटा, साबण हे सगळे बाहेरून आलेले शब्द आपल्या भाषेत सुखाने नांदतायत. माझी तक्रार एवढीच, की या एका शब्दाने आपल्याकडची सात-आठ नावं गिळली, आणि त्या नावांबरोबर स्वयंपाकघरातलं बरंचसं शहाणपणही गेलं. हे नुसतं जुन्या आठवणींचं हळवेपण नाही. त्यात खरंच काही अडतं, ते पुढे सांगते.

माझं माहेर मालवणकडचं आणि सासर अलिबागकडचं. त्यामुळे लग्नानंतर पहिल्यांदा बदलला तो मासळीचा शब्दकोश. माहेरी आम्ही 'सुंगटां' म्हणत असू. सासरी त्याची 'कोळंबी' झाली, आणि दारावर येणारी कोळीणमावशी तिला 'कोलबी' म्हणे. माहेरी सुकवलेला बारीक जवळा म्हणजे 'गोलमा', गोव्यात गेलात तर 'गालमो', सासरी 'सुकट'. पुढे शाळेत माझ्याबरोबर भंडाऱ्याच्या एक बाई होत्या. त्या 'झिंगे' म्हणत, आणि त्यांचे झिंगे समुद्रातले नव्हेत, तलावातले! आम्ही तिघी-चौघी डबा खाताना ज्या एका प्राण्याबद्दल बोलत होतो असं वाटायचं, ते प्रत्यक्षात तीन निरनिराळे प्राणी होते.

शिक्षिकेच्या सवयीने सांगते. वर्गात चार संजय असले की हजेरी घेताना नुसतं "संजय" म्हणून भागत नाही. चौघेही "हजर" म्हणतात. म्हणून आडनाव लागतं. कोळंबीचं नेमकं उलट आहे. इथे आडनाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण नावं विसरलोत. 'कोळंबी' (किंवा 'प्रॉन्स') हे आडनाव झालं. घरातली माणसं वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाचा स्वभावही वेगळा आहे.

सगळ्यात धाकटा दिसतो तो जवळा. इंच-दीड इंचाचा, ओला असताना गुलाबीसर पांढुरका, साल इतकी मऊ की सोलायचा प्रश्नच नाही. निवडायचा, दोन-तीन पाण्यांतून काढायचा आणि कांद्यावर परतायचा. उन्हाळ्यात कैरी घालून केलेला जवळा ज्याने खाल्ला आहे त्याला मी काही सांगायला नको. त्याहून थोडी मोठी ती करंदी. हिची डोक्याकडची टोचणारी सोंड आणि मिश्या खुडून टाकाव्या लागतात, बाकी सालीसकटच शिजते. मग कोळंबी: सोलायची, पाठीतला काळा दोरा काढायचा (तो दोरा म्हणजे तिचं आतडं), हळद-मीठ लावून ठेवायची. आणि सोडे म्हणजे कोळंबी सोलून उन्हात कडकडीत वाळवलेली. ढीगभर कोळंबी सोलावी तेव्हा मूठभर सोडे हाती लागतात, म्हणून ते महाग. कोमट पाण्यात भिजवून वांगी-बटाट्यात घालावेत, किंवा कायस्थ मंडळींकडून शिकून त्यांची खिचडी करावी.

आता गंमत पाहा. ही चारही नावं नुसती लहान-मोठ्या आकाराची नाहीत. सोलायची की नाही, किती वेळ शिजवायची, ओली की सुकी, हे सगळं त्या नावातच आलं. आमच्या सासूबाई "आज करंदी मिळाली" एवढंच म्हणायच्या, आणि घरातल्या प्रत्येक बाईला पुढची पंधरा मिनिटं काय करायचं ते कळायचं. त्याच जागी "आज स्मॉल प्रॉन्स मिळाले" म्हणा. काय कळलं? फक्त लहान आहेत एवढं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बऱ्याच शिकलेल्या लोकांना वाटतं की जवळा म्हणजे कोळंबीची पिल्लं. "अहो, पिल्लं खाता, मग मोठी कोळंबी येणार कुठून?" असं मला एका सद्गृहस्थांनी सुनावलंही. पण जवळा हे कोणाचं पिल्लू नव्हे. तो एक वेगळाच प्राणी आहे, शास्त्रज्ञ त्याच्या कुळाला 'अ‍ॅसेटिस' म्हणतात, आणि पूर्ण वाढला तरी तो एवढासाच राहतो. आपल्या किनाऱ्यावर तो मुख्यतः डोल जाळ्यांत सापडतो. माणसांइतकेच मासेही त्याच्यावर जगतात. बोंबलाच्या आहारात तर त्याचा मोठाच वाटा असतो.

उलट कोळंबीच्या कितीतरी जातींची खरीखुरी पिल्लं खाड्यांमध्ये वाढतात. मोठी कोळंबी समुद्रात अंडी घालते. पिल्लं खाडीच्या मचूळ पाण्यात, खारफुटीच्या आसऱ्याला येतात, तिथे अंग धरतात आणि पुन्हा समुद्राकडे जातात. म्हणजे एक इंचाचा जवळा हा पुरता बाप्या, आणि एक इंचाची कोळंबी हे दुधपितं लेकरू! (दूध पीत नाही, कळतंय मला. पण मुद्दा लक्षात आला ना?) दोन्ही सारखीच दिसतात, दोन्हींना आपण 'बारीक प्रॉन्स' म्हणतो. एकाला खायला हरकत नाही, दुसऱ्याला सोडायला हवं. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली मासळीच्या ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. विचार चांगलाच आहे. पण लांबीचा नियम लावायचा तर आधी जातीचं नाव माहीत हवं. गिऱ्हाइकाला नाव ठाऊक नसेल तर ते विकणाऱ्याला काय विचारणार, कपाळ?

नावांचा हा पसारा फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. जिथे जिथे किनारा आहे तिथे तिथे या प्राण्याला घरचं नाव आहे. बंगाल्यांची 'चिंगडी', तेलुगू लोकांची 'रोय्या', तमिळ लोकांची 'इराल', मल्याळी लोकांची 'चेम्मीन'. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची 'चेम्मीन' ही कादंबरी १९५६ साली आली आणि तिच्यावरचा चित्रपट १९६५ साली. म्हणजे केरळात कोळंबीच्या नावाने कादंबरी निघते! आणि आफ्रिकेत तर एक अख्खा देश तिच्या नावाचा आहे. पोर्तुगीज खलाशी तिथल्या एका नदीच्या मुखाशी पोहोचले, तिथे त्यांना इतकी कोळंबी दिसली की त्यांनी नदीचं नाव 'कोळंबीची नदी' असं ठेवलं. पोर्तुगीज भाषेत कोळंबी म्हणजे 'कमराओं'. त्यावरून कॅमेरून. भूगोल शिकवताना हे सांगितलं की शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करत.

"पण इंग्रजी नावं शास्त्रशुद्ध असतात, त्यात गोंधळ नसतो," असं कोणाला वाटत असेल तर तेही खरं नाही. माझी भाची न्यू जर्सीला असते. तिने मागे फोनवर विचारलं, "आत्या, तू प्रॉन्स म्हणतेस, इथे सगळे श्रिंप म्हणतात. दोन्ही एकच का?" उत्तर असं, की इंग्लंडात साधारण प्रॉन म्हणतात, अमेरिकेत श्रिंप. प्राणिशास्त्रात फरक करतात तो कल्ल्यांच्या रचनेवरून आणि पोटावरच्या कड्यांवरून. एका गटात कड्या कौलांसारख्या एकीवर एक बसलेल्या असतात. दुसऱ्या गटात दुसरी कडी पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही कड्यांवर चढलेली असते. पहिला गट प्रॉन, दुसरा श्रिंप. पण बाजार हे काही पाळत नाही. आपल्या नद्यांतली ती निळ्या लांब नांग्यांची मोठी कोळंबी शास्त्राप्रमाणे दुसऱ्या गटातली, तरी तिला इंग्रजीत गोड्या पाण्यातली 'प्रॉन' म्हणतात. आणि आपल्याकडचे व्यापारी तिला 'स्कॅम्पी' म्हणतात. इंग्लंडात स्कॅम्पी मागितलं तर शेवंडीच्या जातकुळीतला भलताच प्राणी ताटात येतो. अमेरिकेत 'श्रिंप स्कॅम्पी' म्हणजे लसूण आणि लोणी घालून केलेला एक पदार्थ! इंग्रजीत श्रिंप या शब्दाचा एक अर्थ खुजा माणूस असाही आहे, आणि तरी तिकडच्या दुकानात 'जंबो श्रिंप' मिळते. म्हणजे 'भीमकाय बुटका'. आपण उगाच इंग्रजीसमोर मान खाली घालतो.

त्याच भाचीला कोळंबी भात करायचा होता. तिच्या हातातल्या पाकिटावर नाव नव्हतंच, आकडे होते: २६/३०. हे आकडे म्हणजे एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, २६ ते ३० नग. आकडा जितका लहान तितकी कोळंबी मोठी. आपल्याकडे शेततळ्यातल्या कोळंबीचा व्यवहार मात्र किलोवर चालतो. '३० काउंट' म्हणजे किलोत ३० नग. आता हे दोन्ही 'तीस' शेजारी ठेवा. पौंडातले तीस म्हणजे किलोत ६६ होतात! शिवाय तिकडची बहुधा डोकं काढलेली, आपली डोक्यासकट. म्हणजे आईने इथून सांगितलेली "तीसवाली" आणि लेकीने तिथे आणलेली "तीसवाली" यांत दुपटीहून जास्त फरक. मग भातात कोळंबी रबरासारखी चिवट होते आणि दोष जातो आईच्या कृतीला. (कोळंबी मुळात फार शिजवायची नसतेच. अंग आखडून गोल झालं, रंग पालटला, की उतरवावी.)

आकडा लांबी-रुंदी सांगतो, पण ती कोण हे सांगत नाही. आज शहरांतल्या दुकानांत जी एकसारखी, गुळगुळीत, बारा महिने मिळणारी कोळंबी दिसते ती बरेचदा 'वनामी' असते. ही मूळची आपली नव्हे. मेक्सिकोपासून पेरूपर्यंतच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची ती रहिवासी. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या तळ्यांतल्या पट्टेदार टायगर कोळंबीवर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला आणि शेतकऱ्यांचं फार नुकसान झालं. पुढे २००९ साली वनामीच्या शेतीला सरकारने परवानगी दिली, आणि आता आपल्या निर्यातीतला मोठा वाटा तिचाच आहे. आंध्र प्रदेश यात सगळ्यांच्या पुढे. तिने हजारो घरं चालवली, मी तिला नावं ठेवत नाही. पण तिला तिचं नाव सांगून विका ना! खाडीतली कोळंबी मागावी आणि वनामी मिळावी, हे म्हणजे रायवळ मागून हापूसचं पल्प हातात दिल्यासारखं झालं. चव सौम्य असते तिची. सोलकढी-भाताबरोबर तिखट कालवण करणाऱ्या घराला हा फरक लगेच कळतो, पण बोलायचं कसं? शब्दच नाही.

आता सुरुवातीला म्हटलं होतं ते, 'खरंच काही अडतं' ते. आमच्या नात्यातल्या एका सुनेला कोळंबी चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास लागतो. ती देशावरची. मासे मात्र आवडीने खाते. एका घरी जेवायला गेलो होतो, दोडक्याची भाजी होती. यजमानीण बाईंनी कौतुकाने सांगितलं, "सुकट घातलंय हं त्यात." सुनेने विचारलं, "सुकट म्हणजे?" पलीकडून कोणीतरी म्हणालं, "काही नाही गं, सुकी मासळी." तिने घास हातात घेतला होता. तेवढ्यात पंगतीतल्या एका आजी म्हणाल्या, "सुकट म्हणजे वाळवलेला जवळा. कोळंबीतलाच तो." घास ताटात परत गेला.

या एका वाक्याची किंमत काय होती हे मी सांगायला नको. अशी अ‍ॅलर्जी ज्यांना असते त्यांना बहुधा जवळा, करंदी, सोडे, खेकडा, शेवंड यांतलं काहीच चालत नाही, कारण त्रास देणारं प्रथिन या सगळ्या कवचवाल्या प्राण्यांत जवळजवळ सारखंच असतं. वाळवल्याने किंवा शिजवल्याने ते जात नाही. आपल्याकडे तर सुकट भाजीत घालतात, चटणीत कुटतात, गोव्यात किसमूर करतात, लोणच्यासारख्या बलचावातही सुका गालमो घालतात. ताटात पाहून ओळखूही येणार नाही. अशा वेळी त्या आजींना माहीत असलेलं नाव, आणि त्या नावाचं आडनाव, दोन्ही माहीत असलेलं माणूस पंगतीत लागतं. उद्या त्या आजी नसतील, तेव्हा काय?

यावर उपाय म्हणून काहीजण सुचवतात की सगळ्या महाराष्ट्राने एकच प्रमाण नाव ठरवावं. मला तेही मान्य नाही. आयुष्यभर मराठी शिकवलं, प्रमाणभाषेचं महत्त्व मला कळतं. पण माझ्या वर्गात कोळीवाड्यातली मुलं असत. व्याकरणात काठावर पास होणाऱ्या त्या मुलांना मासळीची जितकी नावं यायची तितकी आम्हा शिक्षकांना मिळूनही आली नसती. 'कोलबी' हा शब्द अशुद्ध म्हणून त्यावर लाल शाई मारली की मूल पुढच्या वेळी तो शब्द लिहीत नाही, आणि हळूहळू बोलतही नाही. सुंगटां म्हणणाऱ्याने सुंगटांच म्हणावं, झिंगे म्हणणाऱ्याने झिंगे. फक्त दुसऱ्याला सांगताना ते म्हणजे काय हे सोबत सांगावं, एवढंच माझं म्हणणं.

म्हणून माझी घरातल्या सगळ्यांना, विशेषतः लेकी-सुनांना आणि पदार्थांच्या कृती लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींना विनंती आहे. 'प्रॉन्स पाव किलो' असं लिहू नका. चार गोष्टी लिहा: तुमच्याकडे तिला काय म्हणतात आणि तुमचं गाव कुठलं, लांबी केवढी (बोटाचं एक पेर, दोन पेरं, अख्खं बोट, असं लिहिलं तरी चालेल, बोटं सगळ्यांकडे असतात), ओली की सुकी, आणि पाव किलो म्हणजे सोलण्याआधीची की नंतरची. हे शेवटचं फार महत्त्वाचं. डोकं आणि साल गेली की किलोची जेमतेम अर्धा किलो उरते. आणि बाजारात गेलात तर मावशींना नाव विचारा. भाव तर आपण विचारतोच, घासाघीसही करतो. "ही कुठली हो? कुठून आली?" हेही विचारा. आमच्या बाजारातल्या मावशी एरवी भाव कमी करत नाहीत, पण नाव विचारलं की खूश होऊन वर चार कोळंब्या टाकतात, हा माझा अनुभव आहे.

मी एका जुन्या वहीत नावं लिहायला घेतली आहेत. डावीकडे नाव, मग गाव, मग ती कशी दिसते आणि घरी तिचं काय करतात. सव्वीस नावं झाली. त्यातली काही एकाच प्राण्याची असतील, काही ठिकाणी एकाच नावाचे दोन प्राणी निघतील. निघू देत. तुमच्याकडे काय म्हणतात ते मला जरूर कळवा. आणि घरात कोणी ऐंशीच्या पुढचं माणूस असेल तर आधी त्यांना विचारा. पापलेट महाग झालं तरी पुढच्या वर्षी मिळेल, त्यांच्याकडची नावं तेव्हा मिळतीलच असं नाही.